फोनवरचा गोड आवाज

नमस्कार श्रोतेहो. दान द्यावं की नाही, ते तुमचं तुम्हाला कळतं. मी बोलणार आहे जाहिरातीतल्या दानाबद्दल आणि हिशेबाच्या कागदावरच्या दानाबद्दल. ही दोन दानं वेगळी असू शकतात.

एक किस्सा सांगतो. अमेरिकेत ‘कॅन्सर फंड ऑफ अमेरिका’ नावाची संस्था होती, आणि तिच्या गोतावळ्यात आणखी तीन. गोतावळा हा शब्द मी जपूनच वापरतोय: बाप, मुलगा, बापाची घटस्फोटित बायको, असा घरचाच कारभार. लोकांना फोन जायचा. आवाज गोड. आम्ही रुग्णांना वेदनाशामक औषधं देतो, केमोथेरपीला नेतो-आणतो, शेवटच्या दिवसांत सांभाळतो. ज्याच्या घरात हे दुखणं येऊन गेलंय, तो नाही कसा म्हणेल? (फोनवर तीनदा ‘सर’ म्हणणाऱ्याला काही देऊ नये, असं माझं जुनं मत आहे. घरी यावरून माझं कुणाशी पटत नाही, ते असो.) तर 2008 ते 2012 या काळात या चारही संस्थांनी मिळून जमवले 18 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक. पुन्हा सांगतो, 18 कोटी 70 लाख!

मे 2015 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेने, सगळ्या 50 राज्यांना बरोबर घेऊन दावा लावला. तक्रारीत काय होतं? दानाचा पैसा गेला कुठे, तर गाड्या, क्रूझच्या सहली, जिमची वर्गणी, कॉलेजची फी, आणि हो, डेटिंग साइटचं सभासदत्वसुद्धा. रुग्णाच्या दारात पोचायचं ते खोकं. खोक्यात साबणाच्या चिमुकल्या वड्या, शांपू, पाकिटातले केक.

फोन करणारा तर संस्थेचा नव्हताच. तो पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीचा. 100 डॉलर दिले, तर त्यातले बऱ्याचदा 85 किंवा त्याहूनही जास्त तिथेच अडकायचे. म्हणून फोन आला की एवढंच विचारा: तुम्ही संस्थेचे, की कंपनीचे? संस्थेचे, की कंपनीचे?

मग हे कागदावर दिसलं कसं नाही? कारण वस्तुरूप देणग्या. परदेशी पाठवला म्हणून दाखवलेला माल, किंमत 22 कोटी 30 लाख डॉलरहून जास्त, जमा-खर्चात दोन्हीकडे चढवला. आकडा एवढा फुगला की उधळपट्टी त्यात विरघळून गेली. ‘आमचा प्रशासकीय खर्च फक्त इतके टक्के’ अशी फुशारकी ऐकली की मला हा माल आठवतो. खरं तर चांगल्या संस्थेलाही हिशेबनीस लागतो, त्याला पगार लागतो. टक्का पाहू नका, रोख रक्कम कुठे गेली ती ओळ शोधा. रोख रकमेची ओळ.

2016 पर्यंत तडजोडी झाल्या, संस्था बंद झाल्या. हुकूमनामा कोट्यवधी डॉलरचा होता. मुख्य माणसाकडून, म्हणजे त्या बापाकडून, घ्यायच्या मालमत्तेच्या यादीत होती पिस्तुलं, चित्रं, सामान ओढायचा ट्रेलर आणि पाण्यात हिंडायची बोट.