मुठीत मावणारा लोहचुंबक

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्याच एफ-३५ लढाऊ विमानांचा ताबा घेणं थांबवलं. विमानांत बिघाड नव्हता. विमानातल्या एका यंत्राच्या लोहचुंबकासाठी वापरलेला समेरियम-कोबाल्टचा मिश्रधातू चीनमधून आला होता, आणि अमेरिकेच्या संरक्षण-खरेदीच्या नियमांना ते चालत नव्हतं. चौकशी झाली, चुंबकामुळे सुरक्षेला धोका नाही असं ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये खास सूट देऊन विमानं ताब्यात घेतली गेली. त्याच ऑक्टोबरच्या ७ तारखेला अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या घडवणारी यंत्रं चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. एकीकडे चीनची कोंडी करायची आणि त्याच दिवसांत चीनच्या धातूला सूट द्यायची, अशी वेळ जगातल्या सर्वात बलाढ्य लष्करावर आली.

अमेरिका आणि चीनच्या चढाओढीबद्दल बोलताना आपण विमानवाहू नौका मोजतो, आयात शुल्काचे टक्के मोजतो, तैवानच्या सामुद्रधुनीतून कोणाचं जहाज गेलं ते पाहतो. ते पाहायलाच हवं. पण व्यापाराचं भांडण आणि शस्त्रांची स्पर्धा जिथे एकाच गाठीत अडकली आहे, ती जागा मला या चुंबकात दिसते. म्हणून आज त्याच्याविषयी.

निओडिमियम, डिस्प्रोसियम, समेरियम, टर्बियम ही नावं शाळेत आवर्तसारणीच्या तळाशी आपण पाहिलेली असतात. अशी एकूण १७ मूलद्रव्यं आहेत, त्यांना दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक छोटा असूनही अतिशय ताकदवान असतो. त्यात थोडं डिस्प्रोसियम घातलं की तो तापल्यावरही दम सोडत नाही. विजेवर चालणारी मोटार, पवनचक्की, क्षेपणास्त्राचे पंख वळवणारी मोटर, रडार, या सगळ्यांना असे चुंबक लागतात. एका एफ-३५ विमानात या मूलद्रव्यांचे ४०० किलोहून अधिक पदार्थ असतात आणि व्हर्जिनिया वर्गाच्या एका अणुपाणबुडीत ४ टनांहून अधिक, असे आकडे अमेरिकी सरकारच्याच अहवालांत येतात.

ही मूलद्रव्यं जमिनीत सापडतात अनेक ठिकाणी. खरं काम त्यानंतर सुरू होतं. रासायनिक गुणांनी ती एकमेकांच्या इतकी जवळ असतात की त्यांना वेगळं करणं म्हणजे मिसळलेले कोलम आणि आंबेमोहर अंधारात दाणा दाणा निवडण्यासारखं आहे. आम्लात विरघळवायचं, द्रावकात घोळायचं, एका टाकीतून दुसरीत न्यायचं, आणि असं शेकडो टप्प्यांतून. मागे उरतं आम्लाचं पाणी आणि पुष्कळदा किरणोत्सारी थोरियमचा गाळ. काम किचकट, घाण आणि नफा बेताचा.

हे काम चीनने कसं आत्मसात केलं, त्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. शू ग्वांगश्येन हे रसायनशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली आणि १९५१ मध्ये, कोरियाचं युद्ध चालू असताना, ते पत्नी गाओ श्याओश्या यांच्यासह मायदेशी परतले. गाओही रसायनशास्त्रज्ञच. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात दोघांची रवानगी श्रमछावणीत झाली. तिथून सुटल्यावर १९७२ च्या सुमारास शू यांच्यावर या मूलद्रव्यांच्या विलगीकरणाची जबाबदारी आली. किती टाक्या लागतील, कोणत्या टाकीत द्रावक किती, याचं गणित त्यांनी असं मांडलं की वर्षानुवर्षांचे प्रयोग वाचले. मग त्यांनी देशभरच्या कारखान्यांतल्या तंत्रज्ञांना ते शिकवलं. मला या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. उतारवयात याच शू यांनी सरकारला बजावलं की हा माल मातीमोल किमतीने परदेशी चालला आहे आणि खाणीचं प्रदूषण पीत नदीपर्यंत जाईल.

आता अमेरिकेकडे पाहा. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण १९६० च्या दशकापासून पुढची दोन-तीन दशकं जगाला ही मूलद्रव्यं पुरवत होती. निओडिमियमचा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच वेळी दोन ठिकाणी शोधला गेला, एक जपानमध्ये आणि दुसरा जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत. जनरल मोटर्सने त्यासाठी इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली. १९९५ मध्ये ती विकली, आणि विकत घेणाऱ्या गटात चिनी सरकारशी जोडलेल्या कंपन्या होत्या. काही वर्षांत उत्पादन चीनमध्ये गेलं आणि इंडियानातलं काम बंद पडलं. माउंटन पासमध्ये सांडपाण्याची गळती झाली, चीनचा स्वस्त माल समोर उभा होताच, आणि २००२ मध्ये तिथलं खाणकाम थांबलं. पुढे दुसऱ्या कंपनीने ती खाण पुन्हा चालवायला घेतली, ती २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर तिसऱ्या कंपनीने खाण सुरू केली खरी, पण अमेरिकेच्या जमिनीतून निघालेला माल कित्येक वर्षं जहाजात भरून शुद्धीकरणासाठी चीनला जात होता.

चीनने अमेरिकेची ही ताकद पळवली असं म्हणण्याची पद्धत आहे. ते मला पटत नाही. स्वस्त मिळतंय ना, मग घाण दुसऱ्याच्या दारात राहू दे, असा हिशेब करून अमेरिकेने हे काम आपण होऊन सोडलं. आज जगातल्या या मूलद्रव्यांच्या शुद्धीकरणात चीनचा वाटा सुमारे ९० टक्के आहे.

इशारा मिळाला नव्हता असंही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये, जपान आणि चीन दोघंही ज्यांच्यावर हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी नौका जपानी तटरक्षक जहाजांवर आदळली आणि जपानने तिच्या कप्तानाला अटक केली. थोड्याच दिवसांत जपानकडे जाणारा हा माल चीनच्या बंदरांत अडकला. जपान त्यातून शिकला. त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि चीनवरचं अवलंबन बरंच कमी केलं. अमेरिकेने जपान आणि युरोपीय संघाबरोबर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली, २०१४ मध्ये निकाल जिंकला, माल पुन्हा स्वस्त झाला आणि विषय मागे पडला.

मग आलं २०२५. एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क वाढवत १४५ टक्क्यांवर नेलं, चीनने १२५ टक्क्यांनी उत्तर दिलं. पण चीनचा खरा घाव ४ एप्रिललाच पडला होता: सात मूलद्रव्यं आणि त्यांचे चुंबक परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत. समेरियम त्यात होतं, डिस्प्रोसियमही होतं. मे महिन्यात शिकागोतला फोर्डचा मोटार कारखाना चुंबकांअभावी आठवडाभर बंद राहिला. मे महिन्यातच जिनिव्हात दोन्ही देशांनी शुल्क खाली आणलं. जुलैत पेंटॅगॉनने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्समध्ये ४० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं आणि निओडिमियम-प्रॅसिओडिमियमला किलोमागे किमान ११० डॉलर भावाची हमी दिली. हमीभाव! मुक्त बाजाराचे धडे जगाला देणाऱ्या देशाला खाण जगवायला तोच मार्ग घ्यावा लागला. आणि मला तो योग्य वाटतो. असा उद्योग भावाच्या हमीशिवाय तग धरूच शकत नाही.

दोन बलाढ्यांच्या या झगड्याची झळ आपल्या पुण्यालाही लागली. चीनची परवाना पद्धत फक्त अमेरिकेपुरती नव्हती. चुंबक येईनात म्हणून त्या वर्षीच्या जुलैत बजाज ऑटोला चेतक या विजेवरच्या स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. कारखान्यात उत्पादन कमी झालं की सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदारापर्यंत त्याचा ताण जातो, हे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

या सगळ्यात ज्यांचं नाव कोणी घेत नाही, ती माणसं म्यानमारच्या कचिन राज्यात आहेत. चीनच्या सीमेला लागून असलेल्या पांग्वा आणि चिप्वे भागात डोंगराला भोकं पाडून अमोनियम सल्फेटचं द्रावण आत ओततात आणि पायथ्याच्या तळ्यांत डिस्प्रोसियम, टर्बियम असलेलं पाणी गोळा करतात. चीनमध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर चिनी कंपन्यांनी हे काम सीमेपलीकडे नेलं. डोंगर पोखरले गेले, ओढ्यांचं पाणी नासलं, दरडीखाली मजूर गाडले गेले. अमेरिकेने जी घाण चीनच्या दारात टाकली, तीच चीनने कचिनच्या दारात टाकली. कोणत्याही शिखर परिषदेत या माणसांसाठी खुर्ची नसते, याचा मला संताप येतो.

३० ऑक्टोबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. चीनने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेले जादा निर्बंध वर्षभर थांबवले, अमेरिकेनेही शुल्क थोडं उतरवलं. एप्रिलची परवाना पद्धत मात्र उठली नाही.

आणि आपण? इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० ची. आज तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या, ही मूलद्रव्यं आणि थोरियम असलेल्या मोनाझाइट वाळूवर प्रक्रिया करणारा तिचा कारखाना आलुव्याला १९५२ मध्ये सुरू झाला, म्हणजे शू ग्वांगश्येन या कामाला लागण्याच्या वीस वर्षं आधी. आपली नजर तेव्हा त्या वाळूतल्या थोरियमवर, अणुऊर्जेवर होती. चुंबकापर्यंतच्या रस्त्यावर आपण फारसं पुढे गेलो नाही. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्याची क्षमता उभी करायची, असं उद्दिष्ट आहे. मला याचा आनंद आहे. या कारखान्यांना जो कच्चा माल लागेल, तो किनाऱ्यावरच्या वाळूतून काढून शुद्ध करावा लागेल. आम्लाचं पाणी कोणत्या तळ्यात साठणार, त्या तळ्याला अस्तर कसलं असणार, थोरियमचा गाळ कोण सांभाळणार, हे पहिला खड्डा खणण्याआधी किनाऱ्यावरच्या गावांना लेखी कळलं पाहिजे.

नमस्कार.