शपथ आणि बीओडीची बाटली

[दृश्य: नाग नदीवरचा पूल, दोरीने खाली सोडलेली बादली]

मे महिन्यातलं नागपूर, पारा 45च्या आसपास. नदीतून घेतलेला नमुना बर्फाच्या पेटीऐवजी गाडीच्या डिकीत काही तास राहिला, तर बाटलीतले जिवाणू वाटेतच सेंद्रिय घाण खाऊ लागतात. प्रयोगशाळेत बीओडी, म्हणजे ही घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, कमी भरतो. कागदावर नदी स्वच्छ दिसते, आणि खोटा आकडा तर कुणीच लिहिलेला नसतो.

डॉक्टरने व्यावसायिक शिस्त मोडली, तर वैद्यक परिषद त्याची नोंदणी रद्द करू शकते. पाणी तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला आपल्याकडे अशी नोंदणीच नाही. 1944 साली अणुबॉम्बचा प्रकल्प सोडून गेलेले, 1995चे शांतता नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट तरुण शास्त्रज्ञांसाठी डॉक्टरांसारख्या नैतिक शपथेचा आग्रह धरत. ती हवीच, पण ती कामाच्या टेबलावर उतरली पाहिजे.

[दृश्य: प्रयोगशाळा, 300 मिलीलिटरच्या बाटल्या]

नमुना 4 अंशांवर, अंधारात. लेबलवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. सील तुटलेलं असेल तर तसंच नोंदवायचं. मग वेगवेगळ्या प्रमाणात विरल केलेल्या बाटल्या, आत बुडबुडा न ठेवता, 27 अंशांवर 3 दिवस. लिटरमागे किमान 2 मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च झालेला आणि किमान 1 उरलेला असेल, तीच बाटली धरायची. हा निकष आधीच लिहून ठेवायचा, आकडे पाहिल्यावर नाही.

खरी कसोटी इथे लागते. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम. समजा, एक बाटली 28 सांगते, दुसरी 34. दोन्ही निकषात बसत असतील, तर 34 वगळायचा अधिकार कुणालाच नाही. सरासरी 31, अनिश्चिततेसह, अहवालात जाते.

वहीत शाईचं पेन, व्हाइटनर नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी कारण, सही, तारीख. प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ 17025 मानकही मूळ नोंद जपायला सांगतं.

मग फोन येतो, "पुन्हा तपासून बघा ना." जुन्या बाटलीतून बीओडी पुन्हा काढण्यात अर्थ नाही, त्या पाण्यातली घाण एव्हाना घटलेली असते. नवा नमुना घ्यावा, नव्या तारखेने, आणि पहिला अहवाल आहे तसा राहू द्यावा. हे उत्तर नवख्या विश्लेषकाला एकट्याने द्यावं लागू नये. फोन प्रयोगशाळा-प्रमुखाने घ्यावा, आणि शपथही आधी त्यानेच घ्यावी.