जागा शिल्लक, फाइली संपल्या

मध्यंतरी एक पीएचडीचा विद्यार्थी माझ्याकडे आला, अगदी रडवेला. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर, सहा दिवस चाललेला त्याचा जॉब (सोपवलेलं काम) रात्रीत मेला होता. एरर होती ‘डिस्क कोटा एक्सीडेड’, म्हणजे डिस्कवरच्या वाट्याची मर्यादा ओलांडली. ‘सर, जागा तर अर्धीसुद्धा भरलेली नाही,’ असं तो सांगत होता, आणि ते खरं होतं. भरला होता तो फाइलींचा आकडा. त्याचा प्रोग्राम दर पायरीला चार-पाच केबीची एक फाइल लिहायचा आणि आधीच्या सगळ्या जॉबच्या फाइली तशाच पडून होत्या.

क्लस्टरवर कोट्याच्या दोन मर्यादा असतात: एक बाइट्सची, दुसरी फाइलींच्या संख्येची, म्हणजे आयनोडची (दर फाइलीमागे ठेवलेली एक नोंद). ही दुसरी बहुतेकांना काम अडल्यावरच कळते.

ती का असते, ते नीट समजून घ्या. क्लस्टरवर वापरल्या जाणाऱ्या लस्टरसारख्या फाइल सिस्टीममध्ये (फाइली साठवायच्या व्यवस्थेत) फाइलीतला मजकूर अनेक स्टोरेज सर्व्हरवर विखुरलेला असू शकतो. पण तिचं नाव, मालक, परवानग्या आणि तुकडे कुठे आहेत ही माहिती वेगळ्या मेटाडेटा सर्व्हरवर असते. जमीन शिवारात आणि सातबारा तलाठ्याकडे, तसं. शंभर एकर एकाच गटात असेल तर उतारा एक. तीच जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली तर चार हजार नोंदी, आणि दर व्यवहाराला माणूस तलाठ्याच्या दारात उभा. तुमच्या दहा लाख फाइलींमुळे शेजारच्या लॅबमधल्या मुलीचं साधं ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) अडकून पडतं. चूक तिची नसते आणि कारणही तिला कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून निकाल एचडीएफ५मध्ये (खूप डेटा एकाच फाइलीत ठेवायचा प्रकार) एकत्र लिहा, नाहीतर नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या एका कॉम्प्युटरच्या, स्वतःच्या डिस्कवर लिहून जॉब संपताना टार करून (सगळ्या फाइली एका फाइलीत बांधून) आणा. पायथनची कॉन्डा एन्व्हायर्न्मेंट (कामाला लागणाऱ्या पॅकेजेसचा संच) म्हणजे हजारो बारक्या फाइली; ती कंटेनरच्या एका इमेजमध्ये, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर बांधलेल्या एका फाइलीत, ठेवता येते. किती वापरलं हे बघायला ‘डीयू’ ही कमांड चालवू नका, ते एकेका फाइलीची चौकशी करत बसतं. लस्टरची ‘एलएफएस कोटा’ ही कमांड तयार हिशेब देते. सॉफ्ट लिमिट (इशाऱ्याची मर्यादा) ओलांडली की मुदत सुरू होते, लस्टरमध्ये मुळात एक आठवड्याची. ती संपली की लिहिणंच बंद, मग हार्ड लिमिटपर्यंत (जी ओलांडताच येत नाही ती मर्यादा) कितीही जागा असो.

आणि स्क्रॅच, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती जागा. स्क्रॅचचा बॅकअप सहसा नसतो. बऱ्याच ठिकाणी जुन्या फाइली आपोआप काढल्या जातात. मोठ्या स्टोरेजवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असंही धरू नका. डिसेंबर २०२१मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर सुमारे ७७ टेराबाइट, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. बॅकअपचीच स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) चालू असताना तिच्या जागी सुधारित स्क्रिप्ट ठेवली गेली. कॉम्प्युटरने ती नवी स्क्रिप्ट मधूनच वाचायला घेतली आणि जुन्या लॉगऐवजी (कामाच्या नोंदींच्या फाइली) लोकांचा डेटा पुसला गेला. १४ गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही. पुन्हा मोजता न येणारं काही असेल तर त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, आजच.

त्या विद्यार्थ्याच्या फाइली आम्ही टार केल्या, टार उघडून तपासलं आणि मगच मूळ फाइली काढायला घेतल्या. काढतानाही प्रत्येक फाइलीची नोंद मेटाडेटा सर्व्हरलाच खोडावी लागते. इतरांना त्रास नको म्हणून आम्ही ते सावकाश, रात्रभर चालू ठेवलं.