आधी घरी भाकरी, मग वर्गात अपूर्णांक

(कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा. परिपाठ नुकताच संपलाय.)

चौथीच्या बाई फळ्याकडे न जाता मुलांच्या वह्या चाळतायत. बहुतेक वह्यांत काल रात्री लिहिलेला एक प्रश्न आहे. एकीनं विचारलंय, ‘चार तीनपेक्षा मोठा, मग एक चतुर्थांश एक तृतीयांशापेक्षा लहान कसा?’

आजचा तास याच प्रश्नाचा.

काल संध्याकाळी बाईंनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. त्यात दिसतात फक्त त्यांचे हात, एक भाकरी आणि सुरी. मागून उसाचा ट्रॅक्टर गेल्याचा आवाजही तसाच आहे. अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय, एवढंच सांगून व्हिडिओ संपतो. धड्याची ओळख घरी, डोकं लढवायचं ते शाळेत. या उलट्या पद्धतीलाच ‘फ्लिप्ड लर्निंग’ म्हणतात.

2007 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी गैरहजर विद्यार्थ्यांसाठी आपले पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली. फ्लिप्ड लर्निंगचा बोलबाला पुढं तिथूनच वाढला. पण ती मुलं हायस्कूलची. नऊ वर्षांचं पोर एकटं बसून व्याख्यान ऐकणार नाही, आणि त्यानं ते का ऐकावं? म्हणून इथं घरातलं कुणीतरी शेजारी बसवून व्हिडिओ बघायचा. आजी असली तरी चालते.

अडचण फोनची. तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रात्री उशिरापर्यंत गुऱ्हाळावर. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलंही याच वर्गात बसतात. त्यांच्या खोपीत चार्जिंगचीच सोय नसते. या सगळ्यांना परिपाठाआधी शाळेच्या टॅबवर तोच व्हिडिओ दाखवतात. शाहू महाराजांनी 1917 मध्ये ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथं फोनपायी एकही पोर मागं पडता कामा नये. या प्रयोगाची खरी परीक्षा आम्हाला इथंच दिसते.

(वर्ग. मुलं गटागटानं जमिनीवर. कात्र्या, कागदी भाकऱ्या.)

“बाई, मी सांगतो!” एक मुलगी उठते. “खाणारी माणसं वाढली की वाटा बारका हुतोय.”

“मग शंभर जणांत तर कायच मिळणार न्हाई!” मागून एकजण ओरडतो.

“मिळतंय की, चिमूटभर!”

वाद रंगतो. बाई आणखी एक गणित टाकतात: दहा किलोचा गुळाचा रवा (ढेप) चार घरांत वाटला तर किती, पाच घरांत किती? अडीच किलो आणि दोन किलो, हे पोरं तोंडीच काढतात. छेद वाढला आणि वाटा घटला, हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

तेवढ्यात बाई एका मुलाजवळ जाऊन बसल्यात. त्यानं कागदी भाकरीचे तीन तुकडे केलेत, एक मोठा आणि दोन लहान, आणि तिन्हींवर एक तृतीयांश लिहिलंय. बाई काही बोलत नाहीत, नुसता एक तुकडा दुसऱ्यावर ठेवतात. तो बघतो, खोडरबर शोधतो, मग नवा कागदच मागून घेतो. बाई फळ्यावर लिहीत असत्या, तर हा कागद त्यांच्या नजरेला पडलाच नसता.

मराठीचं वाचन मात्र या शाळेनं घरावर सोपवलेलं नाही. अडखळत वाचणाऱ्या पोराला समोर ऐकणारं माणूस लागतं, म्हणून तो तास पहिल्यासारखाच चालतो, रोज, सगळ्यांना मोठ्यानं वाचायला लावून.