राखण, जागल आणि निगा

श्रोतेहो, नमस्कार.

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की रानात दोन पाळ्या लागतात. दिवसा पाखरं हुसकायची, ती राखण. रात्री डुकरं येऊ द्यायची नाहीत, ती जागल. पीक तेच, धनी तोच, तरी शब्द दोन. कारण रात्रीच्या माणसाचं पहिलं काम एकच, जागं राहायचं. बॅटरी, डबा बडवणं, कुत्रं, हे सगळं त्याच्यानंतर. डोळा लागला की जागल संपली.

रक्षणाचे शब्द जगभर बहुतेक असेच घडलेले दिसतात. रक्षण ही कल्पना आधी सुचली आणि मग तिला नाव ठेवलं, असं सहसा होत नाही. माणसाच्या डोळ्याला, हाताला, पाठीला जे काम पडलं त्याचंच नाव पुढे रक्षणाला चिकटलं. त्यामुळे शब्द उकलला की त्या लोकांनी राखण कशी केली हेही हाती लागतं. आज असे काही शब्द उकलून बघू.

जागलीपासूनच सुरुवात करू. इंग्रजीतला वॉच मुळात जागं राहण्याचाच शब्द. वेक, म्हणजे जागं होणं, हा त्याचा सख्खा भाऊ. तेव्हा वॉचमन म्हणजे सरळ आपला जागल्या. याच घराण्यातला एक शब्द जर्मानिक टोळ्यांबरोबर, म्हणजे इंग्रज-जर्मनांच्या भाऊबंदांबरोबर, फ्रान्सात गेला आणि तिथून इंग्लंडला परतला तो वेट होऊन. आधी त्याचा अर्थ टेहळणी करणं, मग नुसतं थांबून राहणं. आपणही थांबतो तेव्हा वाट 'पाहतो'च. उदगीर, देगलूरकडच्या श्रोत्यांच्या कानावर कन्नड-तेलुगू असते. कन्नडमध्ये 'कायु' म्हणजे राखणं, गुरं वळणं आणि वाट पाहणंसुद्धा. तेलुगूत मेंढरं राखणारा तो 'कापरी'. तमिळमध्ये 'काप्पु' म्हणजे रक्षण, आणि हातातलं कडं किंवा सणाच्या आरंभी मनगटाला बांधायचा रक्षेचा धागा, तोही काप्पुच. राखी संस्कृत मुळाची, काप्पु द्राविड मुळाचा. नातं काही नाही, काम मात्र तेच.

आता डोळ्याकडे येऊ, कारण रक्षणाचे सर्वात जास्त शब्द मला तरी डोळ्यातूनच निघालेले दिसतात. आपली 'निगा' घ्या. फारसीत निगाह म्हणजे नजर. बैलाची निगा राखतो म्हणजे त्याच्यावर नजर ठेवतो: रवंथ करतोय का, खांद्याला आवाळू आलंय का, शेण पातळ पडतंय का. 'निगराणी'ही फारसीतलीच, तीही बघण्याचीच. 'सांभाळणं' अस्सल मराठी वाटतं, त्याच्याही पोटात डोळाच आहे. संस्कृतात 'निभालयति' म्हणजे निरखून पाहतो, त्यातून आपलं न्याहाळणं आलं. त्याच 'भाल्'च्या आधी 'सम्' लागला आणि सांभाळणं झालं. कानानं ऐका: न्याहाळण्यात 'भ'चा 'ह' झाला, कारण तो दोन स्वरांमध्ये उघडा पडला होता. सांभाळण्यात त्याच्या आधी अनुस्वार होता, म्हणून 'भ' टिकला. हिंदीच्या देखभालमध्येही हाच 'भाल' आहे.

फ्रेंचमध्ये 'गार्दे' म्हणजे राखणं आणि 'रगार्दे' म्हणजे पाहणं. दोन्हींचं मूळ जर्मानिक, टेहळणी करण्याचं. उत्तर फ्रान्समधल्या बोलीत 'व' तसाच राहिला, इतरत्र त्याचा 'ग' झाला, आणि इंग्रजीनं दोन्ही घेतले. म्हणून तिथे वॉर्डन आणि गार्डियन असे दोन शब्द नांदतात. पाण्याच्या मोटारीबरोबर दुकानदार देतो ती वॉरंटी आणि तोंडी देतो ती गॅरंटी, हीसुद्धा अशीच एका शब्दाची दोन रूपं. इंग्रजी गार्डवरून आपण पोलिसांची 'गारद' केली, ती तिसरी.

लातूरकरांसाठी खास एक शब्द ठेवलाय, ट्यूशन. लॅटिनमध्ये 'तुएरी' म्हणजे पाहणं, नजर ठेवणं, म्हणून रक्षण करणं. रोमन कायद्यात बाप गेलेल्या अज्ञान मुलाचा आणि त्याच्या मिळकतीचा सांभाळ करणारा तो 'तुतोर'. इंग्रजीत ट्यूशनचा जुना अर्थ ताबा, रक्षण असाच होता. शिकवणं हा अर्थ नंतर आला आणि फी त्याच्याही नंतर.

इतक्या लांब जपानमध्येही हेच. 'मामोरु' म्हणजे रक्षण करणं. त्यातला 'मा' म्हणजे डोळा आणि 'मोरु' म्हणजे पहारा देणं. देवळातून आणतात तो ताईत 'ओमामोरी', आणि मूल सांभाळणारी ती 'कोमोरी'.

दुसरं मोठं घराणं झाकण्याचं. प्रोटेक्शनमधलं 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'तेगेरे' म्हणजे झाकणं. पुढ्यात आडोसा धरणं एवढाच त्याचा अर्थ. छपरावरचं कौल लॅटिनमध्ये 'तेगुला', त्यातून आजची टाइल. डिटेक्टिव्ह तो झाकण काढणारा. याच मुळाचा संस्कृत भाऊ 'स्थग्', झाकणं, लपवणं. त्यातून 'स्थगित' आला आणि 'स्थग'वरून आपला ठग. प्रोटेक्शन आणि ठग एकाच घरचे निघाले. हप्ता गोळा करणाऱ्यांना हे कळलं तर त्यांना फारसं नवल वाटणार नाही.

अरबीत जीम-नून-नून या तीन अक्षरांचं मूळ झाकण्याचं, लपण्याचं. डोळ्याआड असतो तो जिन, जिनानं झपाटलेला तो मजनून, म्हणजे आपला मजनू, पोटात झाकलेला गर्भ तो जनीन, आणि झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत. अरबीची बहीण हिब्रू. तिच्यात हेच मूळ कुंपण घालून राखण्याच्या अर्थानं येतं: 'गन' म्हणजे बाग, 'मागेन' म्हणजे ढाल. बागेचा विषय निघालाच आहे, तर छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेतली 'हिमायत'ही अरबी, तिचा अर्थ पाठराखण, संरक्षण.

कुंपणाचं घराणं थोडक्यात सांगतो. तुर्कीत 'कोरुमाक' म्हणजे रक्षण करणं आणि 'कोरु' म्हणजे राखलेली झाडी. आपण गायरानातला तुकडा चरू न देता सोडतो आणि त्याला राखीव कुरण म्हणतो, तीच गोष्ट. इंग्रजीत फेन्सिंग हा शब्द मात्र कुंपणातून निघालेला नाही. तो डिफेन्सचा तुटलेला तुकडा आहे. डिफेन्समधलं 'फेन्देरे' म्हणजे मारणं, टोला देणं. त्याचा संस्कृत भाऊ 'हन्', ज्याच्यापासून हनन आणि हत्या. 'दे' म्हणजे दूर. मारून दूर सारायचं, असं ते रक्षण. शेताच्या तारेला फेन्सिंग म्हणताना आपण नकळत गोफणीचंच नाव घेतो.

आता आपल्या 'राखणं'कडे जरा थांबू, कारण शब्दाची जात कशी ठरवतात हे त्याच्यावर नीट दाखवता येतं. मूळ संस्कृत 'रक्ष्'. मराठीत येताना 'क्ष'चा 'ख' झाला. असं एकदाच झालं असतं तर तो योगायोग म्हणता आला असता. पण पक्षाचा पाख झाला, लक्षाचं लाख झालं, गोरक्षकाचा गुराखी झाला. हा बदल किती जुना? नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, कोरवून घेतलेला लेख आहे. त्यात तिच्या मुलाला, पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीला, 'खखरात' वंश निःशेष करणारा म्हटलंय. हे खखरात म्हणजे क्षहरात, नहपान या शक राजाचं कुळ. दगडावरच 'क्ष'चा 'ख' झालेला दिसतो.

त्याच नहपानाची पदवी 'क्षत्रप'. जुन्या फारसीत 'ख्शथ्र' म्हणजे राज्य आणि 'पावन' म्हणजे राखणारा. जोगलटेंभीला १९०६ साली त्याची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला. राज्य राखणाऱ्याच्या नाण्यावरून दुसऱ्याचा ठसा!

यातल्या 'पावन'मधला 'पा' हे फार पसरलेलं मूळ: राखणं, चारणं, पोसणं. संस्कृतात पाल, गोपाल. लॅटिनमध्ये मेंढपाळ तो पास्तोर, इंग्रजीत फूड आणि फीड. फारसीत शेवटचा 'बान' याच मुळाचा: दार राखणारा दरबान, बाग राखणारा बागबान. आपल्याकडे आठवडी बाजारात फळं विकणारे बागवान, त्यांचं नाव यातलंच. आणि गाई राखणारा तो गोपा. त्याच्यावरून 'गोपायति' हे क्रियापद आलं, म्हणजे गवळ्यासारखं राखणं. पुढे लोक मूळ विसरले आणि त्यातून 'गुप्' असा नवाच धातू काढला. राखलेलं ते गुप्त, मग लपवलेलं ते गुप्त. फायलीवर 'गोपनीय' असा शिक्का मारतात, त्यात गाय आहे.

परत 'रक्ष्'कडे येऊ. ग्रीकमध्ये याचा भाऊ 'अलेक्स', परतवून लावणं, रक्षण करणं. संस्कृत 'र'समोर ग्रीकमध्ये 'ल' असणं हे अनेक शब्दांत दिसतं, तेव्हा शंका नको. अलेक्सांद्रोसमधला 'आंद्र' हा आपला 'नर'. नरांचं रक्षण करणारा, दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे. अरबांना त्याच्या सुरुवातीचं 'अल' हे आपलं उपपद वाटलं, त्यांनी ते तोडून अल-इस्कंदर केलं, 'क्स'चा 'स्क'ही झाला, आणि फारसीतून आपल्याकडे सिकंदर आला. रक्षणाचा निम्मा शब्द असा वाटेत गळाला.

आणि चुलीतली राख? तीही 'रक्षा'च. अस्थी गोळा करून आपण रक्षाविसर्जन करतो, तीच. राखेला हे नाव का, तर ती वस्तू टिकवते म्हणून, असं संस्कृतच्या कोशात दिलंय. ज्यांच्या घरी मुगाचं किंवा तुरीचं बियाणं राखेत ठेवतात त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. बियाण्याला आधी कडक ऊन देतात. राख चाळून, पूर्ण कोरडी करून, प्रत्येक दाण्याला लागेल इतकी चोळतात. दाण्यांमधल्या फटी भरल्या की भुंगेऱ्याला हिंडायला जागा राहत नाही. बारीक राखेनं त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो, अंगातली ओल उडते आणि तो वाळून मरतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. राख किंवा दाणा ओलसर असेल तर बुरशी येते. आणि रानातच शेंगेवर अंडी घातली गेली असतील, तर दाण्याच्या आत शिरलेल्या अळीला बाहेरची राख काही करू शकत नाही.

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत शब्दाच्या सुरुवातीला अक्षर जोडून नवे शब्द होतात. 'लिंदा' म्हणजे राखणं. राखणारा 'म्लिंझी', अनेक असतील तर 'वालिंझी', राखण ती 'उलिंझी'. एका धातूच्या सुरुवातीचं अक्षर बदललं की माणूस, माणसं आणि काम. आणि चिनीत 'बाओ' म्हणजे जपणं. ३,००० वर्षांपूर्वीच्या हाडांवर कोरलेलं त्याचं चित्र म्हणजे पाठुंगळी पोर घेतलेला माणूस. काही चित्रांत मागे वळलेला हातही काढलेला आहे, पोर घसरू नये म्हणून.

फसायला होतं तेही सांगायला हवं. इंग्रजी केअर आणि क्युअर कानाला जुळे वाटतात, अर्थही जवळचे. पण केअर जर्मानिक, मूळ अर्थ दुःख, शोक. क्युअर लॅटिन 'कुरा'तून, म्हणजे काळजी. नातं शून्य. याच 'कुरा'ला 'से', म्हणजे वाचून, लागून सिक्युअर झालं: काळजीवाचून, आपल्या भाषेत निर्धास्त. इन्शुरन्सही तिथूनच. आपला पीकविमा मात्र उलट्या बाजूनं आलेला. फारसीत 'बीम' म्हणजे भीती, आणि बीमा त्यावरून लावतात. अर्थ सरकतो तेव्हाही घोटाळा होतो. संस्कृतात 'त्राण' म्हणजे रक्षण. तापातून उठलेला माणूस म्हणतो, अंगात त्राण नाही. तिथे त्याचा अर्थ ताकद.

आपल्या भागातले असे शब्द कुणाला टिपून ठेवायचे असतील, तर नुसता शब्द लिहू नका. तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य लिहा. गाव आणि तालुका लिहा, सांगणाऱ्याचं अंदाजे वय, तो काय काम करतो, आणि शब्द कशाच्या राखणीचा ते लिहा: पिकाच्या, जनावराच्या, लेकराच्या की पैशाच्या. 'सांभाळणं' चारींना चालतं, 'जागल' एकालाच. 'तुम्ही राखणीला काय म्हणता' असं विचारलं तर समोरचा तुमचाच शब्द परत देतो. त्यापेक्षा विचारा, हरभरा घाट्यावर आला की रात्री काय करता? आणि उत्तर जसं कानावर पडेल तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. शब्दाचं मूळ पुष्कळदा त्या अशुद्ध वाटणाऱ्या अक्षरातच सापडतं.