खांबाला वळसा

नमस्कार.

डिसेंबर लागला की पुण्यात सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायला लागतं, आणि घरोघरी माळ्यावरच्या लोकरीच्या पिशव्या खाली उतरतात. अशा दिवसांत क्रोशाच्या एका विणीबद्दल बोलावं असं मनात होतं. तिला आम्ही ‘उठावाचे खांब’ म्हणतो. टोपीचा काठ, बाळाच्या टोपड्याची पट्टी, जाडसर शालीवरची चटईसारखी नक्षी हे सगळं तिच्यातूनच निघतं.

साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही क्रोशाच्या टाक्यांची नावं. रुखवतातले रुमाल आणि दारावरची तोरणं आपल्या आया-आज्यांनी एवढ्या चार शब्दांच्या बळावर विणली. त्यातला ‘खांब’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो, कारण तो जे दिसतं तेच सांगतो. विणलेला तुकडा उजेडासमोर धरून पाहा. खाली साखळीचा पाया, त्यावर ओळीनं उभे खांब आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन धाग्यांची आडवी वेणी. एरवी आपण या वेणीत सुई घालतो आणि मजल्यावर मजला चढवत जातो. उठावाच्या विणीत वेणीला हात लावायचा नाही. सुई खाली उतरते आणि खांबाच्या अंगाला वळसा घालून येते. वाड्यात खांबखांबोळ्या खेळताना धावत येऊन आपण खांबाला हात टाकायचो आणि गर्रकन वळायचो ना, अगदी तसं.

रेडिओवर माझे हात तुम्हाला दिसणार नाहीत, म्हणून तुमचाच हात वापरू या. डावा हात समोर धरा, तळवा आपल्याकडे, बोटं उभी आणि जरा फाकलेली. ही बोटं म्हणजे खांब. उजव्या हातात पेन्सिल घ्या. अनामिका आणि मधलं बोट यांच्यामधून ती पलीकडे घाला, मधल्या बोटाच्या मागून न्या आणि तर्जनीच्या अलीकडच्या फटीतून पुन्हा आपल्याकडे काढा. मधलं बोट आता पेन्सिलीच्या पुढे आलं. हा पुढून घेतलेला खांब. आता उलटं करा. पेन्सिल हाताच्या मागून पुढे आणा, मधल्या बोटाच्या समोरून न्या आणि परत मागे घाला. बोट मागे दबलं. हा मागून घेतलेला खांब. सगळी वीण या दोन हालचालींची आहे. एक खांब पुढे येतो, दुसरा मागे जातो आणि कापडावर सावली पडायला लागते.

आता सुई हातात घ्या. शिकताना लोकर फिक्या रंगाची, मध्यम जाड आणि सुई चार मिलीमीटरची असावी. गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीवर खांब दिसतच नाहीत आणि माणूस उगाच नाउमेद होतो. बावीस साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्या आणि ओळ पूर्ण करा. सुरुवातीच्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून वीस होतात. ही ओळ साधीच हवी, कारण वळसा घालायला आधी खांब उभे असावे लागतात.

काम उलटवा आणि दोनच साखळ्या चढा. नेहमीच्या तीन इथे उंच होतात, कारण उठावाचा खांब खालून सुरू होतो आणि ओळीची उंची कमी भरते. मग सुईवर लोकरीचा वेढा, खांबाला पुढून वळसा, पुन्हा वेढा, आणि तो ओढून खांबाच्या उंचीइतका वर आणा. सुईवर तीन फेरे असतील, ते दोन-दोन करून सोडवा. त्याच्या शेजारचा खांब मागून. एक पुढून, एक मागून असं अठरा खांब करा. शेवटचा मात्र साधा खांब, साखळीच्या टोकात. तो हटकून विसरतो. दहा ओळींनंतर तुकडा त्रिकोणी व्हायला लागला, तर हेच कारण समजा.

माझं स्वतःचं अडलं ते तिसऱ्या ओळीला. शिकायला लागले तेव्हा मी प्रत्येक ओळीत सगळेच खांब पुढून घेत गेले. उभ्या रेघा येतील म्हणून वाट बघत होते, आणि आले ते आडवे वळ. आठ ओळी उसवल्या. मावशीनं तुकडा हातात घेतला आणि इतकंच म्हणाली, “अगं, काम उलटवलंस की पुढचं मागे जातं. कागदात बघू नकोस, लोकरीत बघ.” उलटवल्यावर मागचा खांब पुढे उठलेला दिसतो आणि पुढचा दबलेला. म्हणून उभी रेघ हवी असेल तर जो खांब तुमच्याकडे उठून आलाय त्याला पुढून वळसा, जो दबलाय त्याला मागून. आकडे मोजायची गरजच उरत नाही. (आडवे वळही वाया जात नाहीत बरं का, उशीच्या अभ्र्याला ते छान दिसतात.)

सदाशिव पेठेत आमच्या घरी शनिवारी पाच-सहा जणी विणायला जमतात. शेजारच्या काकूंना मोतीबिंदूमुळे बारीक टाके दिसत नव्हते. नातीसाठी टोपडं करायचं होतं, पण सुई नेमकी दोन खांबांच्या मध्ये शिरायची. मी म्हटलं, “काकू, डोळे मिटा आणि डाव्या अंगठ्यानं चाचपा.” त्यांनी अंगठा ओळीवरून हळूहळू फिरवला. एका उठावावर तो थांबला, त्या थोड्या हसल्या आणि सुई बरोबर त्याच्या मागून बाहेर आली. दुपारभर त्यांनी अंगठ्यानंच विणलं. साध्या खांबांच्या विणीत हे जमलं नसतं. उठावाचं हे मोठं सुख आहे.

इंग्रजी नमुने वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकन लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्याला ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणतात, आणि ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब. त्यामुळे मोबाइलवरचा व्हिडिओ अमेरिकन असेल आणि घरातली जुनी पुस्तिका ब्रिटिश, तर एकाच नावाचे दोन वेगळे टाके निघतात. अमेरिकन फ्रंट पोस्ट डबल म्हणजेच ब्रिटिश रेज्ड ट्रेबल, पुढून घेतलेला. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी पाहावं.

लोकर घेताना थोडी जास्तच घ्या आणि सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत ना, ते लेबलवर बघून घ्या. ही वीण लोकर खाते आणि कापड जाड होतं. रुंदीही आवळते, म्हणून टोपडं करण्याआधी हातभर नको, पण चार बोटांचा नमुना विणून मोजाच. आवळलेली पट्टी ताणली की सुटते आणि सोडली की परत मिटते, त्यामुळेच ती काठाला इतकी चांगली बसते.

अठरा खांबांवर हात बसला की तीन पुढून, तीन मागून असे सहा गट करा. तीन ओळी तसंच विणा, चौथ्या ओळीला अदलाबदल करा. उठलेल्याला मागून, दबलेल्याला पुढून. चटईची वीण तयार. पीळ घालायचा असेल तर दोन खांब सोडून पुढचे दोन आधी घ्यायचे आणि मग त्यांच्या समोरून येऊन सोडलेले दोन. मात्र तिथे सुईवर दोन वेढे घेऊन लांब खांब काढा, नाहीतर कापड ओढलं जातं.

आणि अॅक्रिलिक लोकरीच्या विणीवर इस्त्री ठेवू नका. एकदा का उष्णतेनं उठाव चपटा झाला की धुऊनही परत येत नाही. कोमट पाण्यात धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर ओल्या लोकरीच्या वजनानं टोपडं लांब होतं.