माया न सोडता बेतलेला कोट

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय ‘डक्ट टेपपासून सूट कसा बनवावा’. डक्ट टेप म्हणजे जाड, रुंद चिकटपट्टी. तो मी दिलेला नाही. मी कार्यवाहांना फोनवर सांगितलं होतं की मला मायेवर बोलायचंय. ते म्हणाले, बाई, मायेवर मागच्याच महिन्यात कीर्तन झालं. म्हणून मग हा विषय. असो, चाळीस मिनिटांत दोन्ही बसवू.

माझी माया कीर्तनातली नव्हे, शिंप्याची. ज्या पुरुषांनी उभ्या जन्मात मशीनला हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. कापड बेतताना मापाच्या बाहेर शिलाईसाठी जो काठ राखायचा, ती माया. ब्लाउजच्या कुशीला दीड इंच माया असली की बाळंतपणानंतरही तोच ब्लाउज उसवून अंगाला येतो. बत्तीस वर्षं मी शिवणवर्ग चालवला. रोज सकाळी आठ ते अकरा ‘माया सोड गं, माया सोड’ एवढंच ओरडायचे. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, इथे कुठल्या महाराजांचा मठ आहे का? (हशा)

आता हे मायेचं वेड मला लागलं कसं, ते सांगितल्याशिवाय टेपकडे जाता येत नाही. १९७९ च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. ह्यांच्या सूटचं कापड माझ्या वडिलांनी घेतलं होतं. टेरीवूल, गडद निळं, चांगलं सव्वातीन मीटर. शाळामास्तराच्या पगारात ते कापड म्हणजे काय होतं हे तुमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको. टाकलं गावातल्या एका नामांकित शिंप्यांकडे. नाव घेत नाही, त्यांची नातवंडं इथे बसलेली असतील. लग्नात सूट झकास दिसला. फोटो आहेत.

दिवाळीत भाऊबीजेला ह्यांनी कोट काढला, तर बटण काजापर्यंत पोचेना. सहा महिने माझ्या आईने जावयाला जे खाऊ घातलं होतं ते सगळं मधल्या बटणापाशी गोळा झालेलं. मी म्हटलं, त्यात काय, पाठीची मधली शिलाई उसवू आणि पाऊण इंच सोडू. दुपारी अस्तर उसवून बसले. आत माया किती असावी? दोन सूत. पाव इंच! त्यातही कडेचे दोरे सुटायला लागलेले. कुशीला बघितलं, तिथेही तेच. म्हणजे त्या माणसाने बेततानाच ठरवलं होतं की हा जावई आयुष्यात जाड होणार नाही.

गेले दुकानात. ते मोजपट्टी गळ्यात घालून उभे. वर न बघता म्हणाले, ‘जावईबापूंना भात कमी वाढा.’ मी बावीस वर्षांची, नवी सून, काय बोलणार? परत आले. आणि पुढच्याच आठवड्यात मागच्या आळीत त्यांच्या पुतण्याच्या अंगात मी काय पाहिलं? जाकीट. गडद निळं, टेरीवूल! माझ्या वडिलांच्या कापडातून राहिलेली माझ्या नवऱ्याच्या हक्काची माया त्या पोराच्या छातीवर मिरवत होती. त्याच महिन्यात मी शिवणाच्या वर्गाला नाव घातलं. तो कोट अजून आहे. दर दसऱ्याला उन्हात घालते आणि दर दसऱ्याला मला तेवढाच राग येतो.

हो, येते, टेपवर येते.

आमची लेक अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळ राहते. २०२३ च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात करायला काही नाही. नातू बारावीला. तिथे शाळा संपताना प्रॉम म्हणून मोठा नाच असतो, मुली पायघोळ झगे आणि मुलं टक्सिडो, म्हणजे काळा समारंभी सूट, घालून जातात. हा म्हणाला, आजी, मला टक्सिडो डक्ट टेपचा करायचाय. मला वाटलं माझे कान गेले.

पण तिकडे हे खूळ चांगलं रुजलेलं आहे. लेकीच्या घरापासून जवळ एव्हॉन म्हणून गाव आहे, तिथे डक नावाच्या टेपचा कारभार चालतो. त्यांनी २००१ पासून ‘स्टक अ‍ॅट प्रॉम’ अशी स्पर्धाच चालवली आहे. पोरांनी प्रॉमचा पोशाख टेपचा करायचा, फोटो पाठवायचे. त्यात दहा-दहा हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळालेली मुलं आहेत. त्या गावात कित्येक वर्षं जूनमध्ये टेपचा उत्सव भरला, टेपने मढवलेल्या देखाव्यांची मिरवणूक निघाली. आपल्याकडे थर्माकोलवर बंदी आली तेव्हा हे कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं नाही तेच बरं, कारण हेही प्लास्टिकच. २०२० साली इलिनॉयच्या एका मुलीने करोनावर झगा केला होता, त्याला एक्केचाळीस रिळं आणि ३९५ तास लागले. ३९५ तासांत माझ्या वर्गातली मुलगी दीडशे ब्लाउज शिवून देईल, आणि ते धुताही येतील.

तर मी कंबर कसली. नातवाची मापं घेतली, ब्राउन पेपरवर कोटाचा ड्राफ्ट काढला, आणि सवयीने सगळीकडे एक इंच माया धरली. टेपचं कापड कसं करतात ते पोराने मला दाखवलं. बटर पेपरवर पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवायच्या, एकीवर दुसरी अर्धा सेंटिमीटर चढवायची, मग पत्रा सोलून उलटा करायचा आणि चिकट बाजूवर चिकट बाजू येईल असा दुसरा थर आडवा लावायचा. तयार होतं ते रेक्झिनसारखं. कापलं, आणि मशीनवर घातलं. सुईला डिंक लागला, टीप सुटायला लागली, सुई पुसली, पुन्हा तेच. खांद्याची शिलाई कशीबशी घातली. माया दोन्हीकडे उलगडून बसवायला गेले तर ती चपलेच्या पट्ट्यासारखी उभी राहिली. मुंढ्याला बाही जोडली तर बाही बाजूला, मुंढा बाजूला, मध्ये दगडासारखी घडी. नातवाने ती घडी चिमटीत धरली आणि विचारलं, ‘आजी, ही एक्स्ट्रा कशाला?’

बत्तीस वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. विचारणारीला मी पट्टी मारली असती. त्या रात्री झोप लागली नाही.

एक मिनिट, ही टेप आली कुठून ते सांगायला हवं. पुरुष मंडळींना यातली अपोलो १३ ची गोष्ट तेवढी माहीत असते, १९७० मध्ये यानात कार्बन डायऑक्साइड वाढला तेव्हा हवा शुद्ध करणारा चौकोनी डबा गोल भोकाला जोडायला हीच टेप कामी आली वगैरे. मला आवडते ती बाईची गोष्ट. व्हेस्टा स्टाउट, इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करायची. दोन मुलं नौदलात. काडतुसांच्या खोक्यांवर कागदी टेप लावून वर मेण चढवत, आणि उघडायला एक कागदी शेपटी बाहेर ठेवत. ओढली की ती फाटायची आणि खोकं बंदच. समोर शत्रू असताना शिपाई खोकं नखाने खरवडणार का? तिने वरिष्ठांना सांगितलं की टेप कापडाची करा. हो हो म्हणाले आणि गप्प बसले. मग तिने १० फेब्रुवारी १९४३ ला सरळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, आकृती काढून. आकृती काढून, मंडळी! ड्राफ्ट काढल्याशिवाय बाईमाणसाचं कुणी ऐकत नाही. तिथून सूत्रं हलली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने कापडी टेप तयार केली. म्हणजे मुळात हे कापडच आहे. मध्ये सुताची जाळी, वर पॉलिथिन, खाली रबराचा डिंक. जाळी उभी-आडवी आहे म्हणून तर ती हाताने सरळ फाटते.

आणि डक म्हणजे बदक नव्हे. डक हे जाड सुती कापडाचं नाव, डच भाषेतल्या कापडाच्या शब्दावरून आलेलं. जसं आपल्या मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून साहेबाची डंगरी झाली. युद्धानंतर ती डक्टना, म्हणजे हवा खेळवणाऱ्या नळांना, लावायला लागले म्हणून डक्ट टेप. गंमत म्हणजे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेने तपासलं तर डक्टवर हीच टेप सगळ्यात आधी सुटते, गरम हवेने डिंक जातो. अंगाच्या गरमीनेही जातो, ते पुढे... चिठ्ठी आली वाटतं. नऊ मिनिटं? अहो, पाहुण्यांच्या परिचयात बारा गेली ती कुणाच्या खात्यावर?

बरं, भराभर सांगते. लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

माझा मुद्दा असा आहे की कापड आपल्याला दोन गोष्टी फुकट देतं, माया आणि ओरेप. उभ्या-आडव्या दोऱ्यांना तिरकं धरलं की कापड ताणतं, अंगावरून वळतं. तो ओरेप. आपण निम्मं काम ओरेपावर सोडून देतो आणि श्रेय स्वतः घेतो. टेपमध्ये जाळी तिरकी होऊच शकत नाही, पॉलिथिनने तिला धरून ठेवलेलं असतं. ती ताणत नाही, झुलत नाही, चूक झाकत नाही. छातीचा गोल हवा तर तो टक्सनेच, म्हणजे चिमटून घातलेल्या शिलाईनेच, काढावा लागतो, अंदाजाने नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की शिवण शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने एक तरी कपडा टेपचा करावा. कापडाने आपलं किती सांभाळून घेतलं होतं ते तेव्हा कळतं.

कृती. कागदी ड्राफ्ट विसरा. पोराला जुना टी-शर्ट घाला, मानेला प्लास्टिक गुंडाळा, आणि अंगावरच टेपचे दोन-तीन थर लपेटा. आवळू नका, मध्येमध्ये खोल श्वास घ्यायला लावा, फार वेळ ताठ उभं ठेवलं तर घेरी येते. मग मार्करने शिलाईच्या रेषा त्याच्या अंगावर काढा. पाठीतून बोथट टोकाच्या कात्रीने कापून साचा उतरवा, रेषांवर तुकडे करा, जिथे तुकडा टेबलावर सपाट बसत नाही तिथे टक्स. हाच तुमचा ड्राफ्ट, त्यावर अंगात ढिलाई हवी म्हणून थोडं वाढवा. ढिलाई वेगळी, माया वेगळी, हे माझ्या विद्यार्थिनींना सांगायला नको.

जोडताना माया शून्य. कडेला कड भिडवायची, आतून एक इंचाची पट्टी, बाहेरून एक. मुंढ्याच्या गोलाईला पट्टीला खाचा द्यायच्या. कॉलर आणि लॅपेल, म्हणजे छातीवरची उलटी पट्टी, चकचकीत काळ्या टेपचे, बाकी अंग साधं काळं. बगलेत पूर्ण बंद करू नका. जुन्या अंगरख्याला चौबगला, म्हणजे काखेतला चौकोनी तुकडा, असायचा तिथे भोकं ठेवा, नाहीतर पोरगं आत शिजतं. पँटच्या आसनाला हात आखडता घेऊ नका. गुडघ्यामागे आडव्या चुण्या, नाहीतर बसता येत नाही. कमरेला कमरबंद, तो तर आपलाच शब्द, इथून साहेबाने नेला आणि टक्सिडोवर बांधला. कात्रीला डिंक लागला की खोबरेल. तेवीस रिळं लागली आम्हाला, म्हणजे चारशे मीटरच्या वर टेप.

पोहोचलो का? तीन मिनिटं. प्रॉमची रात्र राहिली.

सूट घालून नातू खाली आला. खरंच टक्सिडो वाटत होता, लांबून. गाडीत बसताना पाठीत ‘टर्रर्र’. मधल्या जोडावरून चार बोटं उघडा. महिनाभर पिझ्झा चालू होता, आजोबांवर गेलाय. लेक रडवेली झाली. मी पर्समधून रीळ काढलं, पोराला पाठमोरं उभं केलं, फट होती तशीच ठेवली, आतून एक पट्टी, बाहेरून एक. कोट पाऊण इंच सैल! अंगावर असतानाच, अस्तर न उसवता. १९७९ ची ती दुपार मला आठवली, आणि मी रस्त्यात उभी राहून हसत सुटले. पोराला वाटलं आजीला काहीतरी झालं. स्पर्धेचं विचाराल, तर फोटो पाठवायची तारीख चिरंजीव विसरले.

कोट मी आणलाय, तिथे टेबलावर आहे. घडी घालता येत नाही म्हणून बॅगेत बटर पेपर घालून उभा आणला. पंख्याखालीच राहू द्या, खिडकीतल्या उन्हात नेऊ नका, डिंक हाताला येईल. ज्यांना घालून बघायचाय त्यांनी आधी चहा पिऊन घ्यावा. कोपराला चुण्या द्यायच्या राहिल्यात, एकदा आत गेलं की हात तोंडापर्यंत येत नाही.